बारा दिवसांत तीन पेट्या

घाडीबुवांनी पेटी माझ्या पुढ्यात ठेवली, स्वतः खाली बसले आणि डोळ्यांना पंचा लावला.

"बुवा, काय झालं? कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"पेटी गेली," बुवा म्हणाले. "माझी पेटी गेली, मेस्त्री. आणि ती तुमी मारलात."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुडाळच्या बाजारातून जरा आत आलं की माझं घर आहे. घराची पुढची पडवी म्हणजेच माझं दुकान. पेट्या दुरुस्त करणं आणि सुरात लावणं हे माझं काम, माझ्या वडिलांचंही तेच होतं. घाडीबुवा माझे जुने गिऱ्हाईक. ते डबलबारी करायचे. डबलबारीत दोन भजनी बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गाऊन टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाऊनच तो परतवायचा. येत्या शनिवारी बुवांची बारी होती, ती वेंगुर्ल्याच्या एका तरुण बुवाशी. मागच्या वर्षी त्याने भर मंडपात आमच्या बुवांना 'गळकं कौल' म्हटलं होतं. बुवा वर्षभर त्याचं उत्तर तयार करत होते.

"वाजवून दाखवा," मी म्हणालो.

बुवांनी भाता सोडला आणि वरच्या सप्तकात दोन ओळी वाजवल्या. मी कान पेटीजवळ नेऊन, डोळे मिटून ऐकलं.

"चोख आहे," मी म्हणालो.

"चोख? ही रडता, मेस्त्री! ऐका, ऐका, ही बघा कशी रडता!"

"बुवा, तुमचा तो पखवाजवाला गेली वीस वर्षं तुमच्या कानाशी बडवतोय. कान एकदा दाखवून घ्या."

"माझे कान?" बुवा उठूनच उभे राहिले. "तुमका कान आसत काय नाय, ता आधी बघा!"

एवढ्यात दारात रिक्षा थांबली. शाळेच्या संगीताच्या परुळेकर बाई उतरल्या. त्यांच्या मागून रिक्षावाला शाळेची पेटी घेऊन आला. बाई शांत स्वभावाच्या. त्या दिवशी मात्र त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मेस्त्री, काल प्रार्थनेला सगळी शाळा हसली. हेडमास्तरांनी विचारलं, बाई, वर्गात मांजर कोणी आणलं?"

"बाई, तुम्हीसुद्धा? एकाच आठवड्यात दोघांचे कान गेले? कसली तरी साथ आलेली दिसते," मी म्हणालो.

मी मोठ्याने हसलो. बाकी कोणी हसलं नाही. मग फोन वाजला. पिंगुळीहून एका देवळाचे पुजारी बोलत होते. त्यांचीही पेटी मी चार दिवसांपूर्वीच लावून पाठवली होती. ते फक्त एवढंच म्हणाले, "मेस्त्री, आरतीला गुरव पळून गेला."

मी फोन ठेवला. परुळेकर बाई हळूच म्हणाल्या, "मेस्त्री, पेट्या तीन. गावं तीन. लावणारा एक."

मला राग आला. मी त्यांना म्हणालो, "घ्या परीक्षा. मी पाठ करून बसतो. तुम्ही वाजवा, मी सूर ओळखतो."

आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बाईंनी खालचे सूर वाजवले. मी ओळखले. मधले वाजवले, तेही ओळखले. बुवांकडे न बघताच मी मिशीवर हात फिरवला. मग बाई थांबल्या. मी वाट बघितली. बराच वेळ गेला.

"वाजवा की, बाई," मी म्हणालो.

मी वळलो. परुळेकर बाईंचं बोट वरच्या सुरावर दाबलेलं होतं. भाता हलत होता. आणि घाडीबुवा पंचा तोंडात कोंबून माझ्याकडे बघत होते.

मला कळलं ते असं.

तोपर्यंत मला वाटत होतं की ऐकू न येणं म्हणजे सगळा आवाज बारीक होत जाणं. तसं काही झालं नव्हतं. लोकांचं बोलणं मला ऐकू येत होतं. पेटी उघडून कान जवळ नेला की वरच्या सुरांचंही काहीतरी कानात येत होतं. ते 'काहीतरी' म्हणजेच सूर, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी घाडीबुवांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि सावंतवाडीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. माझी काळजी म्हणून नव्हे. शनिवारच्या आत पेटी लागायला हवी होती आणि आमच्या भागात ते काम करणारा दुसरा कोणी नव्हता. "तुमचो कान दुरुस्त करून आणतंय, मगे तुमी पेटी दुरुस्त करा," असा त्यांचा सरळ हिशोब होता.

डॉक्टरांनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांना डबे लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला ठीक चाललं. मग बराच वेळ आवाज येईना. आता इतका वेळ बटण दाबलं नाही तर वाईट दिसेल म्हणून मी अधूनमधून दाबत राहिलो.

डॉक्टरांनी दार उघडलं. "काका, मी काहीच वाजवत नाही तेव्हाही तुम्ही बटण दाबताय."

"मी अंदाज घेत होतो," मी म्हणालो.

बाहेर बसलेल्या बुवांनी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ अर्ध्यापर्यंत नीट चालत होती आणि मग आंबोलीच्या घाटासारखी खाली उतरत होती. ते म्हणाले, "वरचे आवाज गेलेत. जे थोडे उरलेत ते दोन कानांना सारखे ऐकू येत नाहीत. एकच सूर तुमचा उजवा कान एका जागी ऐकतो आणि डावा जरा चढा ऐकतो."

"म्हणजे डोक्यात डबलबारी चालू आहे," मी म्हणालो.

"आणि आमची शनिवारची बारी?" बुवांनी विचारलं. "त्याच्याआधी बरे होतले काय?"

"हे बरं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "यंत्र मिळेल. पण ते बोलणं ऐकायला. पेटी लावायला नाही."

मी विचारलं, "हे कधीपासून झालं असेल? पंधरा दिवस?"

"पंधरा दिवस?" डॉक्टर हसले. "पाच-सहा वर्षं तरी."

"शक्य नाय," बुवा उसळले. "गेल्या दिवाळीक ह्यांनी माझी पेटी लावली, लोण्यासारखी वाजा होती! डॉक्टर, तुमचा मशीन तपासा."

डॉक्टरांनी खांदे उडवले. मी मनात मोजायला लागलो. पाच वर्षांत माझ्या हातून दीडशे तरी पेट्या गेल्या असतील. एकही परत आली नव्हती. आणि गेल्या बारा दिवसांत तीन लावल्या, तर तिन्ही बिघडल्या. हे कसं, ते मला काही केल्या उमगेना.

त्या बारा दिवसांत माझी बायको, शालन, घरी नव्हती. भावजयीचा गुडघा बदलला म्हणून रत्नागिरीला माहेरी गेली होती. पण तिचा आणि पेट्यांचा काय संबंध? ती पेटीला हातही लावत नसे. उलट मी पेटी लावायला बसलो की हिचं स्वयंपाकघरात नेमकं गुणगुणणं सुरू व्हायचं. "शालन, जरा गप्प बस, मी सूर लावतोय," असं मी रोज ओरडायचो. "बरं," ती म्हणायची आणि गुणगुणतच राहायची. शिवाय भांड्यांचा आवाज. आमच्या घरात कालथा तव्यावर जेवढा आपटला गेला तेवढा हॉटेलातही आपटत नसतील. आळीतल्या लोकांना वाटायचं, मेस्त्रींची बायको तापट आहे.

घरी येऊन मी तिला फोन केला.

"कधी येतेस?"

"का हो? काय झालं?" आणि मी काही सांगायच्या आधी तिने विचारलं, "किती पेट्या लावल्यात?"

"तीन."

"अरे देवा," ती म्हणाली. "उद्याची गाडी पकडते."

पेटीबद्दल मी बोललोच नव्हतो, मग हिने कसं विचारलं, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मी माझ्याच दुःखात होतो. पेटी लावता येत नसेल तर मी सकाळी उठून करणार काय? मला दुसरं काही येत नव्हतं. शाळा सातवीत सुटली. चुलत्याने एकदा दुकानात बसवलं तर गिऱ्हाईकाला मी साबणाऐवजी मेणबत्ती दिली होती. शनिवारपर्यंत बुवांची पेटी लागली नाही तर त्यांची बारी जाईल आणि माझं काम कायमचं जाईल, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

शालन गुरुवारी संध्याकाळी आली. डॉक्टरांचा कागद बघितला. घाट उतरल्यासारखी ती रेघ तिने बोटाने वरून खाली गिरवली आणि कागद देवघरातल्या डब्यात ठेवून दिला.

"मी उद्या बुवांना पेटी परत देणार आहे," मी म्हणालो. "सांगणार, कोल्हापूरला पाठवा."

"कोल्हापूरहून शनिवारी परत येईल का पेटी?"

"नाही."

"मग उद्या लावून बघा एकदा. मला काय, मी पोळ्या करत असेन."

शुक्रवारी सकाळी बुवा हजर. मी पेटी उघडली. पेटीचा सूर म्हणजे पितळेची लहानशी पट्टी असते. तिला टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासताना हात हलका हवा, कारण एकदा जास्त घासलं की पितळ परत येत नाही.

मी वरच्या सप्तकातला पहिला सूर घेतला. आतून शालनचं सुरू झालं. "आऽऽ."

"शालन! निदान आज तरी गप्प बस!"

"बरं," आतून आवाज आला. आणि खरोखरच ती गप्प बसली. बारीक आवाजसुद्धा नाही. मला आश्चर्यच वाटलं.

मी घासलं, भाता दाबला, ऐकलं. परत घासलं. "हं," मी म्हणालो. "लागला."

बुवांनी सूर ऐकला आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा चिंचेचा गोळा दाढेखाली आल्यावर होतो. "मेस्त्री, माझ्या आवशीची शपथ, हो सूर न्हय. हो गाडीचो ब्रेक."

"मग पुढचा बघू."

पुढच्या सुराला आतून परत गुणगुणणं सुरू झालं. मी वैतागलो होतो. ओरडायची ताकद राहिली नव्हती. मी मुकाट्याने घासत राहिलो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आतून कालथा तव्यावर आपटला, खण्ण. मी सवयीने थांबलो. भाता दाबला.

बुवांनी मान एका बाजूला केली. "लागलो," ते म्हणाले. "मेस्त्री, लागलो हो!"

तिसऱ्या सुराला मी मुद्दाम आत ओरडलो, "गप्प!" सूर बिघडला. चौथ्याला काही बोललो नाही. आतून 'आऽऽ', मग खण्ण. सूर लागला.

घाडीबुवा अडाणी माणूस नव्हते. ते माझ्याकडे बघायचे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे, परत माझ्याकडे बघायचे. मग ते उठले आणि पाय न वाजवता दारापर्यंत गेले. तिथे उभे राहून मला म्हणाले, "मेस्त्री, पाचवो सूर लावा."

मी घासायला लागलो. आतून 'आऽऽ'. खण्ण.

"मेस्त्री," बुवा आत बघत म्हणाले, "तव्यावर पोळी नाय."

"काय?"

"तवो रिकामो आसा. चूल पण पेटवक नाय. वैनी पाटावर बसल्या आसत, एका हातात कालथो, आणि कान तुमच्याकडे."

मी उठून आत गेलो. शालन खरंच तशीच बसली होती. थंड तवा मांडीपुढे. तिने पदराने तोंड पुसलं आणि इतकी ओशाळली, की जणू मी तिला साखरेच्या डब्यात हात घालताना पकडलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. पोळ्या."

"शालन."

"तुमचा सूर जिथे हवा तिथलं मी गुणगुणायचे," ती म्हणाली. "तुम्ही ओरडायचात, पण हात माझ्या मागून यायचा. सूर जुळला की कालथा आपटायचे. तेवढंच."

"किती दिवस?"

ती तव्याकडे बघू लागली.

"किती वर्षं?"

"पाच. सहावं लागलं असतं गणपतीत."

बुवा दारात उभे राहून मोजायला लागले. "म्हणजे माझ्या पेटयो सगळ्यो... त्यो वैनींनी लावल्यो?"

"तुम्ही बाहेर बसा," मी त्यांच्यावर ओरडलो. ते हलले नाहीत.

मला फार राग आला होता. पाच वर्षं मी गावभर मिरवत होतो. लग्नकार्यात लोक ओळख करून द्यायचे, हे मेस्त्री, यांच्यासारखा कान जिल्ह्यात नाही. आणि ही माझ्या मागे बसून कालथा आपटत होती.

"पाच वर्षं फसवलंस मला," मी म्हणालो.

"फसवलं कुठे? तुम्हीच घासत होतात. मला घासता येतं का?"

"तुला कळलं कसं? मलाच कळलं नाही, तर तुला कसं कळलं?"

शालनने कालथा खाली ठेवला.

"गणपतीची आरती चालली होती," ती म्हणाली. "तुम्ही मध्येच थांबलात आणि मुलांवर डाफरलात. झांज का वाजवत नाही कोणी, नुसते टाळ्या काय पिटताय, म्हणून. सगळे तुमच्याकडे बघत राहिले. झांज मी वाजवत होते, अहो. तुमच्या या कानाशी."

मला ती आरती आठवली. त्या वर्षी आरती फार मिळमिळीत झाली, असं मी नंतर दोघा-तिघांना बोलूनही दाखवलं होतं.

"मग तेव्हाच सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं असतंत."

हे खरं होतं. तेवढ्यात बुवा खोकले.

"वैनी, मेस्त्री, तुमचा भांडान चालू ठेवा," ते म्हणाले. "पण अजून सात सूर रवलेत, आणि बारी उद्या."

शालन उठली. पाट उचलून तिने बाहेर पडवीत आणला, माझ्या समोर ठेवला आणि त्यावर बसली. इतक्या वर्षांत ती कामाच्या वेळी कधी पडवीत बसली नव्हती. मी बिघडवलेले दोन्ही सूर काढून नव्या पट्ट्या बसवल्या. तिने 'आऽऽ' लावला. आता मी तिचं तोंड बघू शकत होतो. सूर चढवायचा असला की तिच्या भुवया वर जायच्या, उतरवायचा असला की हनुवटी खाली यायची. कालथ्याची गरजच नव्हती. अगदी वरच्या सुरांना तिचा गळा पोचेना, तेव्हा ती नाक फुगवून, टाचा उचलून असा काही आवाज काढायची, की शेजारचे राऊळ कुंपणापाशी येऊन विचारून गेले, "मेस्त्री, वैनींका विंचू चावलो काय?"

आणि शालन हसायला लागली. ती हसली की सूर हलायचा, सूर हलला की माझा हात थांबायचा, आणि बुवा दोघांवर ओरडायचे, "हसा नको! बारी आसा! हसा नको!" दुपारी दोनपर्यंत पेटी लागली. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही, कारण पोळ्या झाल्याच नव्हत्या.

शनिवारी बुवा हरले. वेंगुर्ल्याच्या बुवाने यांना दुसऱ्याच टोमण्यात पकडलं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. रविवारी बुवा पेढे घेऊन आले. "हरलंय," ते म्हणाले, "पण सुरात हरलंय." ते पेढे त्यांनी शालनच्या हातात दिले. मला एकच दिला.

शाळेची आणि पिंगुळीची पेटी आम्ही पुढच्या आठवड्यात नीट करून दिली. परुळेकर बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. बुवांनी मात्र सगळ्यांना सांगितलं. त्यामुळे गिऱ्हाईक कमी होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. लोक पेटी आणायचे आणि आधी विचारायचे, "वैनी घरात आसत मा?"

कानाचं यंत्रही घेतलं. ते लावून पहिल्यांदा पेटी ऐकली तर पत्र्याच्या डब्यात कोणी गारगोट्या हलवतंय असं वाटलं. लांब धरलेला सूर ऐकला की त्या यंत्राला तो गोंगाट वाटायचा आणि ते तो खाऊन टाकायचं. कधी कधी यंत्रच शिट्टी मारायचं. "काळी चारच्या सुरात वाजतंय," शालन सांगायची. "जरा चढं आहे." मी बोलण्यापुरतं यंत्र वापरतो. पेटीला ते काढून ठेवायचो आणि तिच्या भुवयांकडे बघायचो.

असं आम्ही नऊ वर्षं काम केलं. माझ्या एकट्याच्या नावावर झालं त्यापेक्षा जास्त काम त्या नऊ वर्षांत झालं. तिचा गळा उतारवयातही चांगला राहिला. गाणं म्हणून ती कधी गायली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एक-एक सूर पुरे. सगळे एकदम कशाला?"

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात शालन गेली. सकाळी कामाला बसलो होतो, चहाची वेळ झाली म्हणून ती उठली आणि दारात खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

भाच्याने माझ्या फोनवर काहीतरी घालून दिलंय. सूर वाजवला की त्यात काटा हलतो आणि बरोबर असला की हिरवा दिवा लागतो. चांगलं आहे. त्यावर बघून मी दुसऱ्या पेट्या लावतो. कोणाची तक्रार नाही.

त्या सकाळी आम्ही लावत होतो ती पेटी आचऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाईंची होती. त्यांनी निरोप पाठवलाय की घाई नाही. पेटीचं खालचं सप्तक लागलंय, मधलं लागलंय. वरचे अकरा सूर लावायचे राहिलेत.